मदत हवी आहे: गुंतवणूक क्लबचा हिशोब एक्सेलवरून ऑनलाइन सॉफ्टवेअरवर न्यायचा आहे (न्यू जर्सी, १२ सभासद)

खजिनदार_एडिसन
नमस्कार मंडळी. आमचा १२ मराठी सभासदांचा गुंतवणूक क्लब आहे. रीतसर भागीदारी करार आहे, आयआरएसचा (अमेरिकी करखात्याचा) ईआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, आहे, ब्रोकरकडचं खातं क्लबच्या नावाने आहे. वर्गणी दरमहा प्रत्येकी १०० डॉलर. आजचं एकूण मूल्य १,६८,००० डॉलर आणि ११,२०० युनिटं (सभासदांच्या वाट्याचे भाग), म्हणजे युनिटचा भाव १५ डॉलर. २०१६पासूनचा हिशोब एक्सेलमध्ये आहे, तो १ जानेवारीपासून ऑनलाइन न्यायचाय.

१. क्विकबुक्स आधीच माहितीचं आहे, ते चालेल का?
२. बिव्हिओ आणि मायआयक्लब ही दोन नावं सुचवली गेली आहेत. निवडताना नेमकं काय तपासायचं?
३. एक सभासद जूनमध्ये कायमचे पुण्याला परत चाललेत. त्यांना क्लबात राहायचंय. हिशोबात काय फरक पडेल?

खतावणी
क्विकबुक्स नको. ते धंद्याची जमाखर्चाची वही उत्तम ठेवतं, पण क्लबला लागणाऱ्या तीन गोष्टी त्यात नाहीत: त्या त्या तारखेचा युनिटचा भाव, प्रत्येक सभासदाच्या नावावरची युनिटं, आणि प्रत्येकाचा टॅक्स बेसिस (करासाठी धरली जाणारी मूळ किंमत). तिसरी सगळ्यात महत्त्वाची. २०२०च्या करवर्षापासून के-१वरचं (प्रत्येक सभासदाचा वाटा दाखवणाऱ्या करपत्रावरचं) भांडवली खातं टॅक्स बेसिसवरच दाखवावं लागतं. भरलेली वर्गणी, अधिक आजवर के-१वर आलेलं उत्पन्न, वजा काढलेली रक्कम, असा तो सभासदागणिक चालत यायला हवा. एक्सेलमध्ये बहुतेक क्लब फक्त वर्गणी आणि आजचं मूल्य ठेवतात, मधला धागा हरवलेला असतो.

तुमच्याकडे तो धागा आहे का ते आधी बघा. नसेल तर २०१६पासूनची सगळी के-१ काढून बसा. कोणतंही सॉफ्टवेअर घेतलंत तरी हे काम टळत नाही.

हडसनकाठ
सीएकडून, म्हणजे इथल्या सीपीएकडून, फॉर्म १०६५ (भागीदारीचं वार्षिक करपत्र) भरून घेतला तर एक्सेल का पुरू नये? दहा वर्षं चाललंच आहे ना.

खतावणी
सीपीए तुम्ही दिलेल्या आकड्यांवर फॉर्म भरतो. मार्चमध्ये मिळालेला लाभांश बाराही जणांत त्या दिवशीच्या युनिटांप्रमाणे वाटायचा, ऑगस्टमध्ये कोणी थोडे पैसे काढले तर पुढचा लाभांश नव्या प्रमाणात वाटायचा, हा वर्षभराचा हिशोब तो ठेवत नाही. ठेवलाच तर त्याचे तास मोजून पैसे घेईल. कोणी पैसे काढत नाही तोवर एक्सेल निभतं. पहिला सभासद बाहेर पडतो तेव्हा ते कोलमडतं.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच: सॉफ्टवेअर रोजच्या नोंदींवरून निवडू नका. सभासद बाहेर पडताना आणि करपत्रं काढताना ते काय करतं, त्यावर निवडा. दोन्हीत युनिट पद्धत आहे, ब्रोकरकडून व्यवहार आपोआप येतात, फॉर्म १०६५ आणि के-१ निघतात. मायआयक्लबचा संबंध बेटरइन्व्हेस्टिंग या गुंतवणूक शिकवणाऱ्या संस्थेशी आहे, म्हणजे १९५१ साली सुरू झालेल्या जुन्या एनएआयसीशी. तुम्ही तिथले सभासद असाल तर त्यांच्या अभ्यासवर्गांतली भाषा आणि हे सॉफ्टवेअर यांचा मेळ बसतो. पण खरा निकाल चाचणीत लागतो. चाचणी-खात्यात हे करून बघा:

एका सभासदाची ९०० युनिटं पूर्ण काढा. १५च्या भावाने १३,५०० डॉलर. समजा त्याचा टॅक्स बेसिस १०,८०० आहे. पहिल्या वेळी रोख द्या. रोकड उभी करायला क्लबने ४,००० डॉलरला घेतलेले शेअर १३,५००ला विकले, तर ९,५०० डॉलरचा नफा बाराही जणांच्या के-१वर वाटला जातो. म्हणजे जाणाऱ्यासाठी राहणारे कर भरतात. दुसऱ्या वेळी तेच शेअर थेट त्याच्या खात्यावर वर्ग करा. आता कोणाच्याच के-१वर तो नफा येता कामा नये, आणि त्याच्या हातात शेअर पडले की त्यांचा बेसिस १०,८०० व्हायला हवा, क्लबचा ४,००० नव्हे. खरेदीची तारीख मात्र क्लबचीच चालू राहते. हे दोन्ही अहवाल शेजारी ठेवून सॉफ्टवेअर बरोबर सांगतं का ते पाहा.

डेलावेअरकाठ
वरच्याला जोडून काही गोष्टी.

वर्गणीची तारीख. ब्रोकरकडून "१,२०० जमा" अशी एकच ओळ येते, ती बारा नावांत तुम्हालाच फोडावी लागते. युनिटं कोणत्या तारखेच्या भावाने द्यायची हे करारात लिहिलेलं असावं. बैठकीच्या दिवशी भाव १५ असेल तर १०० डॉलरला ६.६६६७ युनिटं, दहा दिवसांनी चेक जमा झाला तेव्हा १५.६० असेल तर ६.४१०३. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरी तारीख लावली की काही वर्षांनी वाद ठरलेला. युनिटाचे दशांश किमान चार तरी ठेवता यायला हवेत.

आपोआप येणाऱ्या व्यवहारांवर डोळे मिटून विसंबू नका. खरेदी, विक्री, लाभांश नीट येतात. स्पिन-ऑफ (कंपनीतून वेगळी कंपनी काढणं), अपूर्णांक शेअरचे रोख पैसे आणि रीटच्या (स्थावर मालमत्तेत गुंतवणाऱ्या कंपन्यांच्या) लाभांशाचं वर्षअखेरीला बदलणारं वर्गीकरण इथे गडबड होते. दर महिन्याला आधी शेअरची संख्या, मग रोकड, या क्रमाने ताळा घ्या. संख्या चुकली असताना रोकड जुळवत बसलात तर खोट्या नोंदी वाढत जातात.

करपत्रांची सोय सॉफ्टवेअरच्या वर्गणीतच आहे की वेगळे पैसे, न्यू जर्सीचा एनजे-१०६५ निघतो की फक्त फेडरल, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. राज्यात दोनपेक्षा जास्त भागीदार असलेल्या भागीदारीला माणशी १५० डॉलर शुल्क आहे, पण गुंतवणूक क्लबच्या व्याख्येत बसलात तर ते लागत नाही. त्या व्याख्येत मालमत्तेची मर्यादा असते, ती त्या वर्षीच्या सूचनापत्रात बघा.

आणि मुदत. १०६५ची तारीख १५ मार्च, तर ब्रोकरचं १०९९ (वर्षभराच्या लाभांशाचं आणि विक्रीचं पत्र) फेब्रुवारीच्या मध्याला येतं आणि कधी मागाहून दुरुस्त होऊन पुन्हा येतं. वेळ कमी वाटला तर १५ मार्चच्या आत फॉर्म ७००४ भरा, सहा महिने मिळतात. २०२४च्या करवर्षाला उशिराचा दंड महिन्याला माणशी २४५ डॉलर होता. तुमच्या बारा जणांचे एका महिन्याचे २,९४० होतात.

लॉगिन क्लबच्या ईमेलवर काढा, खजिनदाराच्या खासगी ईमेलवर नको. बाकीच्यांना फक्त बघण्याची मुभा द्या.

हडसनकाठ
पटलं. तिसऱ्या प्रश्नाचं?

खतावणी
त्यांना जूनच्या आत क्लबातून बाहेर पडायला सांगा. माणूस दुरावावा म्हणून नाही, पण एकामुळे अकरा जणांचं काम वाढतं. ते अनिवासी ठरले की त्यांच्याकडून डब्ल्यू-८बेन (परदेशी असल्याचा फॉर्म) घ्यावा लागतो, त्यांच्या वाट्याच्या अमेरिकी लाभांशावर ३० टक्के, आणि भारताशी असलेल्या कराराचा लाभ रीतसर मागितला तर २५ टक्के, क्लबने कापून भरावे लागतात. शिवाय या कपातीचे फॉर्म १०४२ आणि १०४२-एस. सगळे सभासद अमेरिकी नागरिक किंवा रहिवासी असतील तर के-२ आणि के-३मधून (परदेशाशी संबंधित बाबींची जोडपत्रं) जी सूट मिळू शकते, तीही जाते. सॉफ्टवेअर हे सगळं करेल असं गृहीत धरू नका.

शेअर घेऊन बाहेर पडणं त्यांच्यासाठी चांगलं, पण ते काम निघण्याआधीच उरका. परदेशी पत्त्यावर खातं ठेवायला बरेच ब्रोकर कुरकुरतात. क्लबच्याच ब्रोकरकडे त्यांचं वैयक्तिक खातं असेल तर शेअर लवकर वर्ग होतात.

खजिनदार_एडिसन
मनापासून आभार. चाचणी-खात्यात मागच्या वर्षीचे आकडे भरले. रोकड जुळली, पण जीई व्हर्नोव्हा (जीई, म्हणजे जनरल इलेक्ट्रिकमधून वेगळी झालेली कंपनी) विकल्याचा नफा १०९९पेक्षा बराच जास्त येतोय. २०२२मध्ये जीईचे ४० शेअर घेतले होते.

डेलावेअरकाठ
एक्सेलमध्ये सगळी खरेदी किंमत जीईवरच राहिली असणार आणि नव्या शेअरांची किंमत शून्य लागली असणार. जानेवारी २०२३ला तीनाला एक या दराने तुम्हाला जीई हेल्थकेअरचे १३ शेअर आणि उरलेल्या एक तृतीयांश शेअरचे रोख पैसे मिळाले असतील. २ एप्रिल २०२४ला चाराला एक या दराने व्हर्नोव्हाचे १०. दोन्ही वेळा मूळ किंमत वाटून द्यायची असते. टक्केवारी कंपनीच्या संकेतस्थळावर फॉर्म ८९३७मध्ये मिळेल. आधी २०२३ची नोंद करा, उरलेल्या किमतीवर २०२४ची. क्रम उलटा केला तर आकडा पुन्हा चुकेल. हे १०९९शी जुळलं की मगच ३१ डिसेंबरची शिल्लक नव्या खात्यात चढवा: रोकड, शेअरची प्रत्येक खरेदी तारीख आणि किमतीसह वेगळी, आणि सभासदागणिक युनिटं, भरलेली वर्गणी, टॅक्स बेसिस. जुन्या करपत्रांत विक्री चुकीच्या नफ्याने दाखवली गेली असेल तर ते वर्ष सीपीएला दाखवा.