कोबॉट पॅलेटायझिंगला डिजिटल ट्विन खरंच लागतो का?

पॅकिंगवाला: खोकी पॅलेटवर रचायला कोबॉट (माणसांशेजारी काम करणारा रोबोट हात) घेतोय, व्हेंडर म्हणतो आधी डिजिटल ट्विन, म्हणजे लाइनची संगणकातली जुळी प्रत, करा. नुसत्या सिम्युलेशनवर भागणार नाही का?

पीएलसी_भाऊ: लेआउटपुरतं भागेल, वरच्या थरापर्यंत हात पोचतो का ते त्यात कळतंच. ट्विनला लाइनचा लाइव्ह डेटा जोडलेला असतो, त्यामुळे खोक्याची साइज बदलली की नवा पॅटर्न लाइन न थांबवता आधी तिथेच चालवून बघता येतो. आणि हो, पेलोडमध्ये (हात जेवढं वजन उचलतो त्यात) ग्रिपरचं, म्हणजे खोकं पकडणाऱ्या भागाचं, वजन धरा, २० किलो उचलणाऱ्या कोबॉटला ५ किलोचा ग्रिपर लावला की उरले १५च.

जुना_फिटर: ग्रिपरने हवा ओढून पकडल्यावर, व्हॅक्यूमखाली, पुठ्ठा कसा वाकतो ते मात्र खऱ्या खोक्यावरच बघा, मॉडेलवर माझा भरवसा नाही.

सेफ्टीताई: कोबॉट म्हणजे कुंपण नकोच असं नसतं हं! आयएसओ १०२१८ या रोबोट सुरक्षेच्या मानकाप्रमाणे रिस्क असेसमेंट करा. सेफ्टी स्कॅनर लावला तर माणूस जवळ आला की स्पीड कमी होणार, तो वेळ ट्विनमध्ये धरला नसेल तर सायकल टाइम (एक खोकं रचायला लागणारा वेळ) निव्वळ कागदी.