थेट पाईपलाईन आली म्हणून नदीकाठची उपसा केंद्रं वाऱ्यावर सोडायची?

कळंबा_कट्टा
कोल्हापुरात पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगा 55 फूट 7 इंचांवर गेली, 2021 च्या जुलैत 56 फूट 3 इंचांवर. दोन्ही वेळा शिंगणापूर, बालिंग्याची केंद्रं बंद पडली आणि चहूकडे पाणी असताना कोल्हापूर टँकरमागं धावलं. 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईननं आलं आणि हा विषयच संपला! माझं म्हणणं एवढंच: पॅनेल, स्टार्टर, ट्रान्सफॉर्मर 2021 च्या पुररेषेच्या वर घ्या. पाईप बुडून काही बिघडत नाही. वीज बुडाली की शहर कोरडं.

हिशेबी_माणूस
पन्नासएक किलोमीटरची लाईन टाकून झाली. आता जुन्या केंद्रांवर परत खर्च? दोन पांढरे हत्ती कोण पोसणार?

कळंबा_कट्टा
@हिशेबी_माणूस थेट लाईन फुटली किंवा तिथली वीज गेली, तर तुम्ही कुठनं पाणी आणणार? आणि तेही भर पुरात, रस्ते बंद असताना?

पंपवाला
दादा, पॅनेल वर घेणं सोपं आहे, मोटरीचं तसं नाही. व्हर्टिकल टर्बाइन पंपाची (पंप खाली पाण्यात, मोटर वर) मोटर वर चढवायची तर शाफ्ट लांबवावा लागतो, मजल्यावरचा भार वाढतो, अलाईनमेंट पुन्हा जुळवावी लागते. जुन्या जॅकवेलला (पाणी उपसायची नदीकाठची विहीर) ते झेपेलच असं नाही. पण बुडालेली मोटर काढून, वाइंडिंग वाळवून, मेगर लावून (इन्सुलेशन तपासून) परत बसवायला पूर उतरल्यावरही कैक दिवस जातात. त्यापेक्षा पाण्यात बुडून चालणारे सबमर्सिबल पंप बसवा, पॅनेल तेवढं उंचावर ठेवा.
आणि राजाराम बंधाऱ्याचे फूट शिंगणापूरला लावू नका. बंधारा शहराच्या खालच्या अंगाला आहे. प्रत्येक केंद्रावर पुराची खूण शोधा आणि तिथून उंची धरा.

कळंबा_कट्टा
@पंपवाला बंधाऱ्याचं मान्य. पूर किती मोठा होता एवढं सांगायला तो आकडा दिला.

बावडेकर
सगळे पिण्याच्या पाण्यावरच बोलताय. जयंती नाल्यावरचं पंपिंग बंद पडलं की मैलापाणी बावड्याच्या मैलाशुद्धीकरण केंद्राला पोचतच नाही, सरळ नदीत. खाली इचलकरंजीकडं काय जातं? माझ्या मते पहिला पैसा इथं लावा.

हिशेबी_माणूस
पुरात एवढं पाणी असतं, सगळं विरून जातं हो.

बावडेकर
नाल्याकाठच्या घरात राहून बघा एकदा. नदी फुगली की तेच पाणी नाल्यातनं उलटं फिरून संडासातनं वर येतं.