आणि तो न मिळालेला कॉर्नर?

२०१० च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या स्पेन-नेदरलँड्स फायनलचा विषय निघाला की गाडी डच खेळाडू डी याँगच्या लाथेवरच अडते. पिवळं नाही, लाल कार्ड हवंच होतं, वाद नाही. स्पेनच्या आलोन्सोच्या छातीवर बुटाचे स्टड! रेफरी हॉवर्ड वेबनेही नंतर ते मान्य केलं. म्हणे समोर खेळाडू आल्याने नीट दिसलं नाही. पण त्यावरून 'रेफरीने डचांना सांभाळून घेतलं' असं जे अनुमान कुणी कुणी काढतात, ते पटत नाही.

शेवटची काही मिनिटं पुन्हा बघा. डच स्नायडरची फ्री किक स्पेनच्या भिंतीला लागून बाहेर गेली. सरळसरळ डचांना कॉर्नर, पण मिळाली गोल किक, म्हणजे चेंडू स्पेनकडे. डच खेळाडू हात वर करून ओरडतच राहिले आणि थोड्याच वेळात, ११६ व्या मिनिटाला, स्पेनच्या इनिएस्टाने गोल मारला. डच मथाइसेनला पिवळं कार्ड मिळालं ते त्यानंतरच्या आरडाओरड्यात. त्याआधी स्पेनच्या पुयोलने डच रॉबेनला मागून धरलं होतं, तेही आधीच एक पिवळं कार्ड खाल्लेलं असताना. रॉबेन पडला नाही, पळत राहिला, म्हणून वेबने खेळ चालू ठेवला. पडला असता तर कदाचित दुसरं पिवळं कार्ड मिळून पुयोल बाहेर गेला असता. वर तक्रार केली म्हणून कार्ड रॉबेनलाच! १४ पिवळी कार्डं काढूनही नेमकी हवी ती राहिलीच.