मदत हवी आहे: 'हॅलो'ची खरी गोष्ट सहावीच्या मुलांना कशी सांगू?

नमस्कार मंडळी,

मी सहावीला इंग्रजी शिकवते. गेल्या वर्षी व्हॉट्सॲपवर आलेली एक गोष्ट खरी मानून मी वर्गात सांगितली. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलच्या मैत्रिणीचं नाव म्हणे मार्गारेट हॅलो. त्याने पहिला फोन तिला केला आणि तेव्हापासून सगळे फोनवर 'हॅलो' म्हणू लागले. एका मुलीने त्यावर तक्ताही केला: मार्गारेटच्या हातात रिसीव्हर, भोवती लाल बदाम. तो अजून वर्गाच्या दाराशेजारी लावलेला आहे, आणि गोष्ट साफ खोटी आहे.

बेलच्या बायकोचं नाव मेबल हबर्ड. लहानपणी स्कार्लेट फीव्हर झाला आणि तिला ऐकू येणं बंद झालं. नवऱ्याच्या यंत्रातून येणारा आवाज तिला कधीच ऐकू येणार नव्हता. हे वाचल्यापासून तो तक्ता बघवत नाही. खऱ्या बाईला बाजूला सारून मी मुलांना नसलेलीच बाई दाखवली.

फोनवरचं पहिलं वाक्य बेल बोलला ते बोस्टनमध्ये, १० मार्च १८७६ रोजी, दुसऱ्या खोलीतल्या आपल्या मदतनिसाशी: 'मिस्टर वॉटसन, इकडे या, मला तुम्हाला भेटायचंय.' त्यात हॅलो नाहीच. बेलची पसंती 'अहॉय'ला होती, म्हणजे खलाशी एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाला घालतात त्या हाकेला.

'हॅलो' फोनवर आणला तो थॉमस एडिसनने. आणि तोही नमस्कार म्हणून नाही! सुरुवातीला फोन म्हणजे दोन कचेऱ्यांना कायम जोडून ठेवलेली तार, अशी कल्पना होती. नंबर फिरवणं वगैरे काही नाही. मग पलीकडचा माणूस टेबलापासून लांब असेल तर त्याला बोलवायचं कसं? त्यासाठी घंटी बसवायचा विचार चालला होता. १५ ऑगस्ट १८७७ रोजी एडिसनने पिट्सबर्गच्या एका टेलिग्राफ कंपनीच्या अध्यक्षांना कळवलं की घंटीची गरज पडेलसं वाटत नाही, 'हॅलो!' दहा ते वीस फुटांवरून ऐकू येतं. पुढे घंटीही आलीच, पण हॅलो राहिला. १८७८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या टेलिफोन पुस्तिकेत तर सूचनाच होती: बोलणं 'हलोआ'ने सुरू करा आणि 'एवढंच' म्हणून संपवा. ही सूचना मुलांना नक्की आवडेल.

आता माझी अडचण. हा शब्द मुळात लांबच्या माणसाला हाक मारायचा, कुत्र्यांना शिकारीवर सोडताना ओरडायचा, फार तर आश्चर्य दाखवायचा. माझ्या मुलांना मात्र तो जन्मापासून फोनवरचा शब्द म्हणूनच माहीत. त्यांना ती ओरड जाणवायला हवी. मला आपली 'हाळी' सुचली. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर देतात ती. (दोन्ही शब्दांचं नातं आहे असं मी अजिबात सांगणार नाही, एका खोट्या गोष्टीने पुरे झालं.) तुमच्याकडे नदीपलीकडच्या नावाड्याला, डोंगरावरच्या गुराख्याला बोलवताना नेमकं काय ओरडतात? कोकण, खानदेश, विदर्भ, गोवा, कुठलंही चालेल. शब्द जसा उच्चारतात तसाच लिहा, शेवटचा स्वर किती लांबवतात तेही.

दुसरं, मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ मध्येच आलं, पण गावोगावी फोन पोचायला किती काळ गेला ते आपण जाणतोच. तुमच्या आजी-आजोबांनी पोस्टातून ट्रंक कॉल केले असतील तर ते पहिला शब्द काय बोलायचे? आमची आजी आधी स्वतःचं नाव सांगायची, तेही शेजारच्या आळीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. एडिसनला हवा होता तसाच आवाज!

शुक्रवारी नवा तक्ता लावायचाय, त्याआधी लिहिलंत तर फार मदत होईल. ती मुलगी आता सातवीत आहे. तिला मी सगळं सांगितलंय. नवा तक्ता तीच करणार आहे, आणि त्यात मेबलचं चित्र हवंच असं तिचं म्हणणं आहे.