महोत्सवात ‘एकच प्याला’: मूळ वाचून जावं का, अन् मंडपात बसावं कुठं?

धानाची बांधी
वडशाकडं कला महोत्सवात ‘एकच प्याला’चं नवं रूपांतर आहे. वेळ रात्री 9, लांबी सव्वादोन तास. गावातून पंधरा जण निघतो आहोत. दोन म्हातारे, चार पोरं आठवी-नववीची. झाडीपट्टीची (आपल्या पूर्व विदर्भाची) रात्रभराची नाटकं सगळ्यांच्या अंगवळणी आहेत, हे जुनं संगीत नाटक मात्र पहिल्यांदाच. मूळ वाचून जावं का? अन् ऐकू कुठं नीट येतं?

विंगेतला
पहिल्या तीन रांगा सोडा. ऑर्गन-तबलेवाले रंगमंचाला लागूनच बसतात, त्यांच्या आवाजाखाली हळू बोललेलं वाक्य बुडते. शिवाय मान वर करून सव्वादोन तास बसणं म्हाताऱ्यांच्यानं होत नाही जी. कडेलाही नको, तिथं भोंग्यांची थप्पी कानात ओरडते. सहावी ते दहावी रांग, मधोमध. बसण्याआधी समोर मंडपाचा बांबू येतो का तेवढं बघून घ्या.

माइक वरून टांगलेले असले तर नट त्याच्याखाली असेपर्यंतच आवाज भरून येतो. तो पाठ फिरवून मागं सरकला की शब्द गेला. या नाटकात सिंधूचं बोलणं हळू आहे, म्हणून जागेला महत्त्व. जमीन खोदून उतार केलेला असला तर खालून ओल येते. आधी ताडपत्री, मग सतरंजी. नुसती सतरंजी मध्यंतरापर्यंत गार पडते.

मागची रांग
पूर्ण वाचू नका, पाच अंक आहेत. पहिला अंक आणि तळीरामाच्या मद्यपी मंडळाचे प्रवेश वाचा, बस. पोरांना एवढं सांगून ठेवा: सुधाकर वकील, कोर्टात अपमान होऊन सनद काही काळासाठी जाते, तिथंच तळीराम पहिला प्याला पुढं करतो. सिंधू बायको, रामलाल मित्र.

सव्वादोन तासांत बसवायचं म्हणजे कात्री लागणारच. बहुतेक शरद-भगीरथाचं उपकथानक आधी जाते, मग पदं. पदं नाटककार राम गणेश गडकऱ्यांची नाहीत, वि. सी. गुर्जरांची, त्यामुळं ती कमी केली म्हणून संहिता मोडली असं समजू नका. रूपांतर पारखायचं तर सिंधू दळण दळते तो प्रवेश बघा. तिथं घाई केली असेल तर बाकीचं नेपथ्य कितीही झकास असो, फुकट आहे.

गडकरी 23 जानेवारी 1919 ला आपल्याच सावनेरला वारले, नाटक त्यानंतर त्याच वर्षी रंगमंचावर आलं. अन् वडसा पडते गडचिरोलीत, जिथं 1993 पासून दारूबंदी. तळीरामाच्या वाक्यांवर मंडपात कुठं हशा होतो अन् कुठं सगळे चूप बसतात, ते बघण्यासारखं राहील राजेहो.

धानाची बांधी
म्हाताऱ्यांना खुर्च्या नेल्या तर?

विंगेतला
खुर्च्यांची जागा गादीच्या, म्हणजे खाली बसणाऱ्यांच्या, मागं असते. पुढं टाकल्या तर मागचे उठवतात, भांडण होते. त्यापेक्षा पाठ टेकायला पोत्यात तणस (धानाचा पेंढा) भरून न्या.

टॅक्सीवाला
9 लिहिलं म्हणजे आधी सत्कार, भाषणं; पडदा दहाच्या आत क्वचितच उघडतो. जागा धरायला मात्र आठलाच पोचा. सुटेपर्यंत साडेबारा धरा. त्या वेळी एसटीच्या भरवशावर राहू नका, गाडी येण्या-जाण्याची ठरवा आणि थांबण्याचे पैसे आधीच बोलून घ्या. गाडी मंडपाच्या तोंडाशी लावू नका. सुटल्यावर गर्दीत अर्धा तास अडकते. रस्त्यावर, परतीकडं तोंड करून लावा.