'लाइटवेट' पद्धतीला 'हलकी' म्हणावं का?

विचारणा: सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या व्यवस्थापनावर मराठीत लेख लिहितोय. 'लाइटवेट' आणि 'ट्रॅडिशनल' या पद्धतींसाठी 'हलकी' आणि 'पारंपरिक' असे शब्द घेतलेत, पण 'हलकी पद्धत' खटकतंय. दुसरं काही सुचतंय का?

प्रतिसाद १: खटकणारच. हलका माल, हलक्या कानाचा... वजन राहतं बाजूला आणि दर्जावरच शंका येते. गंमत म्हणजे खुद्द इंग्रजीवाल्यांचीही हीच तक्रार होती. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग, स्क्रम, क्रिस्टल वगैरे कमी कागदपत्रांच्या पद्धतींना १९९०च्या दशकात 'लाइटवेट' म्हणत. फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेत यूटामधल्या स्नोबर्डला या पद्धतींशी संबंधित १७ जण जमले. त्यातल्या ॲलिस्टर कोबर्न यांचं म्हणणं असं, की पद्धतीला हलकी म्हटलेलं एकवेळ चालेल, पण हलक्यांच्या बैठकीला आलेला हलका माणूस अशी आपली ओळख नको! शेवटी 'अजाइल' हे नाव ठरलं आणि त्याच नावाचा जाहीरनामा निघाला. तेव्हा २००१च्या आधीचा संदर्भ असेल तर 'सुटसुटीत' घ्या, नंतरचा असेल तर सरळ 'अजाइल'.

विचारणा: अजाइलला 'चपळ' चालेल?

प्रतिसाद २: मला नाही पटत. चपळ म्हटलं की मॅनेजरला फक्त वेग दिसतो आणि तो डेडलाइन अलीकडे ओढतो. जाहीरनाम्यात भर आहे तो ठरलेला प्लॅन पाळत बसण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देण्यावर. 'लवचीक' जवळचा आहे, फक्त क्लायंटने त्याचा अर्थ 'कसंही वाकवा' असा घेऊ नये.

प्रतिसाद १: 'पारंपरिक'ही मोघमच आहे. वॉटरफॉल म्हणायचंय ना? मग 'क्रमवार' म्हणा. 'टप्प्याटप्प्याची पद्धत' मात्र नको, कारण स्प्रिंट, म्हणजे स्क्रममधले कामाचे छोटे ठरावीक कालखंड, हेही टप्पेच. क्रमवार पद्धतीत आधी सगळ्या रिक्वायरमेंट्स, त्यावर सही, मग सगळं डिझाइन, मग कोडिंग, टेस्टिंग सगळ्यात शेवटी. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये यातलं सगळंच थोडं थोडं होतं आणि शेवटी चालवून दाखवता येईल असं काहीतरी हातात पडतं.

शिवाय परंपरा तरी कुणाची? या पद्धतीचं जनकत्व विन्स्टन रॉइस या अमेरिकी सॉफ्टवेअर तज्ज्ञांच्या गळ्यात मारतात. त्यांच्या १९७०च्या निबंधात पायऱ्यांचं ते चित्र आहे खरं, पण 'वॉटरफॉल' हा शब्दच नाही. उलट, टेस्टिंग शेवटावर टाकणारी ही मांडणी धोक्याची आहे असं ते तिथेच बजावतात, आणि सॉफ्टवेअर नवं असेल तर आधी एकदा छोट्या प्रमाणावर करून बघा असंही सुचवतात. लोकांनी चित्र तेवढं उचललं.

विचारणा: मग वाक्य असं करतो: 'क्रमवार पद्धतीतल्या जाडजूड कागदपत्रांना कंटाळून १९९०च्या दशकात काही सुटसुटीत पद्धती पुढे आल्या.'

प्रतिसाद २: झकास. फक्त 'स्क्रम'ला हात लावू नका. शब्द रग्बीतला आहे. 'झुंबड' लिहिलंत तर वाचक रेशनच्या रांगेत जाऊन उभा राहील.