अंगणातल्या सवारोचा हात खाली आलाय. पाणी द्यावं का?

मुग्धा_चँडलर
नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सजवळ चँडलरला राहते. २०१९ मध्ये घर घेतलं तेव्हापासून पुढच्या अंगणात एक सवारो निवडुंग आहे. १५ फूट उंच, दोन हात, म्हणजे बाजूच्या फांद्या. आधीच्या मालकांनी तो दुसरीकडून उपटून आणून लावला होता. गेले काही उन्हाळे तो पिवळसर पडत गेला आणि आता पूर्वेकडचा हात खांद्यातून खाली झुकलाय. बागकाम करणारे म्हणतात, रोज पाणी द्या. सासूबाई वाईहून आल्यात, त्या म्हणतात, निवडुंगाला कधी कुणी पाणी घालतं का! मला कळत नाही ते एवढंच, की ज्याचा जन्मच उन्हातला त्याला ऊन कसं बाधतं? मुलगा त्याला आजोबा म्हणतो. रोज शाळेतून आला की आधी तिथे जाऊन उभा राहतो.

वाळवंटी
मुग्धाताई, सगळ्यात आधी मुलाला त्या हाताखाली उभं राहू देऊ नका. आत पाणी भरलेलं असतं, असा हात शेकडो किलोंचा असू शकतो आणि पडताना आवाजही देत नाही.

आता तुमचा प्रश्न. मी २२ वर्षं टूसॉनला आहे आणि सुट्टीच्या दिवशी सवारोंच्या रानातच असतो. ऊन त्याला सोसतं, त्याला मारते ती गरम रात्र. बहुतेक झाडं दिवसा रंध्रं, म्हणजे अंगावरची बारीक छिद्रं, उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात. सवारोने तसं केलं तर साठवलेलं पाणी उडून जाईल. म्हणून तो दिवसभर रंध्रं मिटून बसतो, रात्री गारवा आला की उघडतो, घेतलेला वायू आम्ल करून साठवतो आणि दुसऱ्या दिवशी उजेडात त्याचं अन्न शिजवतो. सगळी भिस्त रात्रीवर.

२०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस किंवा त्याच्या पुढे गेला, त्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. मला धसका बसला तो १९ जुलैच्या पहाटेचा. त्या दिवशीचं किमान तापमान होतं ९७, म्हणजे ३६ सेल्सिअस! डांबर आणि काँक्रीट रात्रभर धग सोडत राहतं. अशा रात्री रंध्रं नीट उघडत नाहीत आणि गाठीचं मात्र खर्च होत राहतं. त्या उन्हाळ्यात शहरात हात गळालेले, आडवे झालेले कितीतरी सवारो दिसले.

तुमचा तर उपटून लावलेला. त्याची मुळं खोल नसतात, पण झाडाच्या उंचीइतकी चहूकडे पसरतात, आणि उपटताना तीच तुटतात. मग साठ्यावर वर्षानुवर्षं उभा राहतो आणि आपल्याला वाटतं, लागला.

पाणी रोज अजिबात नको, बुंधा कुजेल. अंगावरच्या उभ्या चुण्या खोल गेल्या असतील आणि अंग दाबल्यावर मऊ लागत असेल तर तो तहानलेला आहे. मग पाऊस नसेल तर महिन्यातून एकदा, बुंध्यापासून चार-पाच फूट लांब, संध्याकाळी, सावकाश मुरेल असं पाणी द्या. काळपट, वासाचा द्रव झिरपत असेल तर ती जीवाणूंची कूज. मग लगेच जाणकार बोलवा.

मला खरी काळजी सवारोच्या पोरांची, म्हणजे रोपांची वाटते. एका फळात २००० च्या आसपास बिया, पण पहिल्या आठ वर्षांत रोप जेमतेम दीड इंच. इथल्या पालो व्हर्दे झाडाच्या किंवा मेस्कीटच्या (आपल्या वेड्या बाभळीची बहीण) सावलीत पडलं तरच जगतं. सवारो नॅशनल पार्कात म्हातारे भरपूर दिसतात, पण गेल्या तीस वर्षांतली पोरं शोधावी लागतात. दुष्काळ हटतच नाही. मी गुडघ्यावर बसून झुडपांखाली बघतो. एखादं हिरवं बोंडुक दिसलं की दिवस सार्थकी लागतो.

माळरान_सोलापूर
दादा, तिकडे वणव्यात सवारो जळाल्याचे फोटो बघितले. वाळवंटात आग लागायला जळतं तरी काय?

वाळवंटी
तुमच्याकडचंच गवत. अंजन! १९३० च्या दशकात गुरांच्या चाऱ्यासाठी अ‍ॅरिझोनात आणलं. पूर्वी इथे झुडपांमध्ये उघडी जमीन असायची, आग पुढे सरकायचीच नाही. आता या गवताने ती जागा भरून काढली. ते जळून पुन्हा फुटतं, सवारोला आगीची सवयच नाही. २०२० मध्ये फिनिक्सच्या ईशान्येला टोंटोच्या जंगलात आणि इथे सांता काटालिना डोंगरात, दोन्हीकडे वणवे पेटले. आम्ही थंडीत पहार घेऊन जातो आणि एकेक ठोंब मुळासकट काढतो.

माळरान_सोलापूर
काय म्हणावं! माळावर अंजन टिकावं म्हणून आम्ही चराईबंदीसाठी गावोगाव हात जोडतो. आमच्या गुरांचा तो घास आहे. तुम्ही मात्र काढा, बिनदिक्कत काढा.

मुग्धा_चँडलर
काल रात्री दहा वाजता अंगणात थर्मामीटर लावला. रस्त्याच्या बाजूला ९९, मागच्या मातीवर ९४. चुण्या खोल आहेत, द्रव नाही. सहा फुटांवर आळं करून पाणी सोडलं, सासूबाई बॅटरी धरून उभ्या होत्या. हाताखाली दोरी बांधून जागा अडवलीय. मुलगा आता दोरीच्या अलीकडून बोलतो त्याच्याशी. वाळवंटीदादा, थंडीत गवत काढायला आम्हीही येऊ का? पहार आमच्याकडे नाही, विकत घेईन.